विक्री मोबाईल सांगतो, खरेदी कोण सांगणार? घरगुती कारोबार आणि पक्के बिल

माळशिरस तालुक्यात आपल्या समाजातील किती घरे कारोबारावर चालतात, हे आडनावांवरूनच समजते. मणेर म्हटले की बांगड्या, बागवान म्हटले की फळे, तांबोळी म्हटले की पान, आतार म्हटले की अत्तर, पिंजारी-नदाफ म्हटले की गाद्या. आडनावाचा धंदा आज प्रत्येकाकडे राहिला आहे असे नाही. पण धंदा करण्याची सवय राहिली आहे. माळशिरस असो, अकलूज, नातेपुते किंवा वेळापूर असो, घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालू असते, कुठे मसाला कांडून पाकिटे भरली जातात, कुठे बुरखे आणि ड्रेस मटेरियल विकले जाते. यातले निम्म्याहून अधिक काम घरातल्या बायकांच्या हातात असते. दुकान नाही, पाटी नाही, म्हणून ‘आपला कसला धंदा, घरखर्चाला हातभार’ असे म्हणून विषय संपवला जातो.

आता या धंद्यात एक मोठा बदल झालेला आहे आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष नाही. पैसे मोबाईलवर येतात. शंभर रुपयांचा फॉल-पिको असला तरी गिऱ्हाईक स्कॅनर मागते. म्हणजे आपण वही लिहा किंवा लिहू नका, आपली विक्री बँकेत तारीखवार आपोआप लिहिली जात आहे. खरेदीचे मात्र तसे नाही. सोलापूरहून, पुण्याहून किंवा अकलूजच्या होलसेल दुकानातून आणलेला माल बहुतेक वेळा कच्च्या चिठ्ठीवर येतो, आणि ती चिठ्ठी पिशवीबरोबर फेकली जाते. परिणाम असा की कागदावर आपल्याकडे फक्त येणारा पैसा दिसतो, मालासाठी गेलेला पैसा दिसत नाही. ही दुसरी बाजू सांगणारा एकच भरवशाचा साक्षीदार आहे, तो म्हणजे खरेदीचे पक्के बिल.

शेजारच्या राज्यात काय झाले

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हजारो छोट्या व्यापाऱ्यांना राज्याच्या वाणिज्य कर खात्याकडून नोटिसा गेल्या. चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले, किराणावाले असे हे लोक होते. खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहिल्या आणि वर्षाची जमा जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसली, त्यांना विचारणा केली. उत्तर कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांतील सुमारे १ कोटी ६३ लाखांच्या जमेवरून जवळपास २९ लाख रुपये कराची नोटीस आल्याची बातमी देशभर गाजली. ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. पण खात्याच्या पडद्यावर फक्त जमा दिसत होती. ती भाजीची की कशाची, हे बँक सांगत नाही.

बंगळुरूत अनेक दुकानांवर ‘यूपीआय नको, फक्त रोख’ असे कागद लागले. बंदची हाक दिली गेली. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींची बैठक घेतली आणि जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र मर्यादेवर असणाऱ्यांनी नोंदणी करावी, असे सांगितले.

प्रश्न तिथे तूर्त मिटला. पण त्यातून घेण्यासारखी गोष्ट मिटलेली नाही. अनेक व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की खात्यात आलेली सगळी रक्कम धंद्याची नाही, त्यात नातेवाइकांनी पाठवलेले आणि उसने घेतलेले पैसेही आहेत. आपल्याकडेही तेच चित्र आहे. भिशीचे पैसे, भावाने दवाखान्यासाठी पाठवलेले पैसे, शेजारणीने उसने घेऊन परत केलेले पैसे आणि ड्रेसचे पैसे, सगळे एकाच नंबरवर येतात. उद्या कोणी विचारले तर वेगळे करून कसे दाखवणार? आणि ‘यूपीआय बंद, रोख चालू’ हा काही इलाज नाही. गिऱ्हाईक जाते, आणि रोखीची विक्रीही कायद्याच्या हिशेबात मोजायचीच असते.

आपल्याला कर लागतो का?

घाबरण्याआधी मर्यादा समजून घेऊ या. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली, तर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. गिऱ्हाइकाने आणलेले कापड शिवून देणे ही सेवा. आपले कापड आणून तयार बुरखा विकणे ही वस्तूची विक्री. दोन्ही करत असाल तर सर्वसाधारणपणे २० लाखांची मर्यादा धरून चालावे. आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूचे पदार्थ विकणाऱ्यांनाही ४० लाखांची सवलत नाही. शिवाय माल राज्याबाहेर विकायचा असेल, समजा विजयपूरच्या व्यापाऱ्याला, तर सहसा पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते.

आणखी एक गोष्ट. मर्यादा दुकानाप्रमाणे नाही, पॅन कार्डाप्रमाणे मोजली जाते. एकाच पॅनवर किराणा आणि घरातली शिलाई असेल तर दोन्ही मिळून हिशेब होतो. करमाफ वस्तूंची विक्रीही या बेरजेत धरली जाते. फक्त करमाफ वस्तूच विकणाऱ्याला मात्र नोंदणीची गरज नाही.

आयकराचे गणित वेगळे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण कर शून्य असणे आणि रिटर्न न भरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावे लागते. इथे उत्पन्न म्हणजे विक्री नव्हे, खर्च वजा जाता उरलेला नफा. छोट्या व्यापाऱ्यासाठी एक सोपी वाट कायद्यात आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयवर आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ही वाट कायम आहे.

यावर कोणी म्हणेल, मग बिले कशाला हवीत? या वाटेने जाणाऱ्याला रिटर्नसोबत बिले द्यावी लागत नाहीत, हे खरे. पण साखर-तेलासारख्या मालात ६ टक्के सुटतच नसतील आणि कमी नफा दाखवायचा असेल, तर वह्या, बिले आणि काही वेळा लेखापरीक्षणही लागते. नोटीस आली तर ‘एवढे पैसे आले, त्यातून माल आणला’ हे बिलानेच दाखवता येते. बँकेत कर्ज मागायला गेले तरी तेच. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते, पण धंदा खरोखर चालू आहे हे बँकेला पटावे लागते. ज्या बाईकडे दोन वर्षांची खरेदीची फाईल आहे, तिचे म्हणणे मॅनेजर ऐकून घेतो.

‘भाभी, बिल घेतलं तर टॅक्स वेगळा पडेल’

होलसेल दुकानात हे वाक्य सगळ्यांनी ऐकले आहे. यात थोडे तथ्यही आहे. आपली जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावरचा कर आपल्याला परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच धरावा लागतो. एक लाखाच्या कपड्यावर ५ टक्के म्हणजे ५ हजार. छोट्या घराला ही रक्कम कमी नाही, हे आम्ही जाणतो.

पण दुसऱ्या बाजूला काय जाते, तेही मोजले पाहिजे. माल खराब निघाला तर कच्च्या चिठ्ठीवर कोणी बदलून देत नाही. वाटेत गाडी तपासली तर बिलाशिवाय आणलेला माल अडवला जातो, आणि दंड कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. आग लागली, पाणी शिरले तर विमा कंपनी पहिला कागद खरेदीचाच मागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे बिल मागणे हा हट्ट नव्हे, तो आपला हक्क आहे.

ज्यांचा धंदा वाढतो आहे, त्यांच्यासाठी तर हिशेब सरळ आहे. समजा नोंदणी असलेल्या एका घराने १ लाखाचे ड्रेस मटेरियल आणले, त्यावर ५ हजार कर दिला. तोच माल १ लाख ३० हजारांना विकला, त्यावर ५ टक्क्यांनी साडेसहा हजार कर गोळा केला. पक्के बिल असेल तर आधी दिलेले ५ हजार वजा होतात आणि सरकारकडे फक्त दीड हजार भरायचे. बिल नसेल तर पूर्ण साडेसहा हजार. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. त्यासाठी बिल हातात असणे, माल मिळालेला असणे आणि विकणाऱ्याने तो व्यवहार आपल्या रिटर्नमध्ये दाखवून कर भरलेला असणे गरजेचे असते. विकणाऱ्याने रिटर्न भरले नाही तर बिल असूनही वजावट अडकते. म्हणून व्यापारी निवडतानाच नीट निवडावा.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज केला, तर आदल्या दिवशी घरात शिल्लक असलेल्या मालावरचा करही वजावटीस मिळू शकतो. अट अशी की त्या मालाची बिले एक वर्षापेक्षा जुनी नसावीत. म्हणजे आज नोंदणी नसलेल्या घरानेही आजची बिले ठेवली पाहिजेत. रमजान, शाळा सुरू होण्याचा जून महिना आणि पालखीचे नातेपुते, माळशिरस, वेळापूरचे मुक्काम, अशा दोन-तीन हंगामांत ज्यांचा माल भरभर जातो, त्यांची मर्यादा कधी गाठली जाईल याचा अंदाज आधी येत नाही.

दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी कंपोझिशन नावाची सोपी योजनाही आहे. त्यात वस्तू विकणाऱ्याने उलाढालीच्या १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. तरीही खरेदीची बिले ठेवावीच लागतात.

पक्के बिल ओळखायचे कसे?

वर ‘बिल’ छापले म्हणून कागद पक्का होत नाही. या गोष्टी पाहाव्यात:

१. विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि १५ अक्षरी जीएसटी क्रमांक. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, कर्नाटकातल्याचा २९ ने. पुढची १० अक्षरे त्याचा पॅन असतो. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नाव दिसते आणि नोंदणी चालू आहे की रद्द, तेही दिसते.

२. बिलाचा क्रमांक आणि तारीख.

३. मालाचे नाव, नग किंवा वजन, दर आणि रक्कम. नुसते ‘कापड’ असे मोघम नको.

४. कराचा दर आणि रक्कम. राज्यातल्या खरेदीवर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन समान भाग दिसतात, परराज्यातल्या खरेदीवर एकच आयजीएसटी.

५. आपली नोंदणी असेल तर आपले नाव आणि आपला जीएसटी क्रमांक. तो नसला तर वजावट अडते.

६. सही. संगणकीय बिलावर डिजिटल सही असू शकते.

कंपोझिशनवाला व्यापारी ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. त्यावर कर वेगळा लावलेला नसतो, आणि लावला असेल तर तो चुकीचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आहेत. बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ टक्क्यांत आहेत आणि शिलाई मशीन १२ वरून ५ टक्क्यांवर आले आहे. म्हणून जुना दर लावलेले बिल दिसले तर विचारावे.

आणि उलट बाजूही सांगतो. माल न घेता नुसते बिल विकणारे लोक बाजारात असतात. ‘खर्च दाखवायला कामाला येईल’ म्हणून असे बिल घेणे हा गुन्हा आहे. त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

जिथे बिल मिळतच नाही

बागवान कुटुंब शेतकऱ्याच्या बांधावरून डाळिंब किंवा केळी घेते, तेव्हा शेतकरी बिल कुठून देणार? अशा वेळी आपणच एक खरेदी पावती करावी. तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, वजन, दर, रक्कम आणि त्याची सही किंवा अंगठा. पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत, म्हणजे पावती आणि बँकेची नोंद एकमेकींना जुळतात.

ज्यांना खर्च वजा करून नफा दाखवायचा आहे, त्यांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. शेतमाल थेट शेतकऱ्याकडून घेतला तर याला सूट आहे, होलसेल व्यापाऱ्याला नाही.

फाईल कशी ठेवावी?

यासाठी संगणक लागत नाही. एक जाड फाईल आणि एक दोनशे पानी वही पुरते. वर्ष एप्रिल ते मार्च धरायचे. बारा महिन्यांचे बारा कप्पे करायचे आणि बिल घरात आले की त्याच दिवशी त्या महिन्यात लावायचे. वहीत एका ओळीत तारीख, कोणाकडून, बिल नंबर, माल, रक्कम, कर, रोख की यूपीआय आणि बाकी किती, एवढे लिहायचे. मशीनवरून निघणारी चकचकीत कागदाची बिले सोलापूरच्या उन्हाळ्यात काही महिन्यांत पांढरी पडतात. त्यांची झेरॉक्स काढावी किंवा मोबाईलवर फोटो घेऊन महिन्याच्या नावाने ठेवावा.

काही घरांत वही उर्दूत लिहिली जाते. जरूर लिहावी. पण तारखा, आकडे आणि व्यापाऱ्याचे नाव मराठीत किंवा इंग्रजीतही असावे, म्हणजे हिशेब पाहणाऱ्याला दुभाषा शोधावा लागणार नाही. आणि धंद्यासाठी बँकेचे वेगळे खाते व वेगळा स्कॅनर असावा. भिशी आणि घरचे पैसे त्यात येऊ देऊ नयेत. एवढ्या एका गोष्टीने निम्मा घोळ मिटतो.

बिले किती वर्षे ठेवायची? जीएसटी नोंदणी असणाऱ्याने वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ चे वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचे, म्हणून त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. लक्षात ठेवायला सोपे म्हणून आठ वर्षे धरावीत. मशीन, फ्रीज, गाडी, दागिने यांची बिले वस्तू घरात आहे तोपर्यंत.

ही वही सांभाळणार कोण, असा प्रश्न येतो. उत्तर घरातच आहे. दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे, त्यात जीएसटी, बिल आणि इनपुट टॅक्स क्रेडिटची उदाहरणे आहेत. मुलगी ती उदाहरणे पेपरसाठी सोडवते आणि तिच्या अम्मीची बिले पिशवीत चुरगळून पडलेली असतात, हे आम्हां शिक्षकांना खटकते. महिन्यातून एक रविवार तिला बसवा. तिचा अभ्यासही होईल.

लिहून ठेवणे आपल्याला नवे नाही

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीच्या सौद्याला त्यात सवलत आहे. पण आपली खरेदी तर बहुतेक ‘पुढच्या बाजाराला देतो’ यावरच चालते.

जकातीचेही तसेच. व्यापाराच्या मालावर अडीच टक्के काढताना आज घरात किती माल आहे, त्याची किंमत काय, लोकांकडून किती येणे आहे आणि होलसेलवाल्याचे किती देणे आहे, हे लागते. बारीक मसले आलिमांना विचारावेत, पण आकडे तर आपणच न्यावे लागतील. जी फाईल कर खात्याला उत्तर देते, तीच रमजानमध्ये जकातीचा हिशेब सोपा करते.

आम्ही शिक्षक आहोत, सीए नाही. ज्यांची उलाढाल मर्यादेजवळ आली आहे, त्यांनी जाणत्या कर सल्लागाराला एकदा भेटावेच, आणि नोटीस आली तर ती न घाबरता, न फाडता, दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. पण सल्लागारही पहिला प्रश्न हाच विचारेल की खरेदीची बिले आहेत का. या आठवड्यात माल आणायला जाल, तेव्हा पैसे देण्याआधी म्हणा, ‘भाईजान, पक्कं बिल द्या.’ आणि घरी आल्यावर ते पिशवीत राहू देऊ नका.